दारावरची शिकवणी

आमच्या घराची बेल बहुतेक वेळा आमच्याच घरात राहणारी माणसं वाजवत. कर्वेनगरात तेव्हा सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या, आमच्या इमारतीमागे अजून विटांचे ढीग आणि शेवग्याची झाडं होती, आणि दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एक आमचं, साळव्यांचं. दुसरं लीलाकाकूंचं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या दारातून एखादा तरुण बाहेर पडे, जिन्यात उभा राहून शर्ट खाली ओढी, घसा साफ करी आणि मागे वळून आमचीच बेल वाजवी. मग मी कपाळाला आठ्या घालून दार उघडायची आणि ज्याच्या ताटात दुपारी मीच भाकरी वाढली होती त्यालाच विचारायची, "कोण पाहिजे?" नेमक्या त्याच वेळी लीलाकाकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत असल्या तर थांबायच्या आणि त्या बिचाऱ्याला म्हणायच्या, "काय हो, आज तरी घेतायत का आत?"

हा सगळा बाबांचा उद्योग. बाबा दिवसा एका शाळेत मराठी शिकवत आणि उरलेला वेळ मिझोराम, तमिळनाडू, केरळ अशा ठिकाणांहून आलेल्या मुलामुलींना देत. ही मुलं पुढे नाशिक-नंदुरबारकडच्या खेड्यांत मिशनरी म्हणून जायची होती. त्याआधी काही महिने पुण्यात राहून त्यांनी भाषा शिकायची, आणि भाषेपेक्षाही रीतभात शिकायची, म्हणून त्यांची संस्था त्यांना आमच्याकडे पाठवी. मुलगे बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकून झोपत, मुली माझ्या खोलीत. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अजून टोपी घातलेला गोरा साहेब येतो. आमच्याकडचे मिशनरी विशीतले असत, त्यांना पुण्याचा उन्हाळा सोसत नसे, आमची आमटी तिखट लागे, आणि घरची आठवण आली की ते मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडत. नळ फार वेळ चालू राहिला की आई हातातलं काम टाकून त्यांच्यासाठी भात टाकायची. धीर देण्याची तिची तेवढी एकच पद्धत होती आणि ती कधी फुकट गेलेली मी पाहिली नाही.

बाबा मुलांना म्हणत, "बायबल तुम्हाला पाठ आहे, त्यात मी पडत नाही. मी तुम्हाला फक्त उंबऱ्यापर्यंत नेतो." उंबऱ्यापर्यंत नेण्याचे त्यांचे नियम पक्के होते. पहिल्या भेटीत फक्त पाणी प्यायचं. देवाधर्माचं बोलायचं नाही, पिशवीतून पुस्तक काढायचं नाही, विहिरीला पाणी किती आहे आणि मुलं कितवीत आहेत एवढंच विचारायचं. दुसऱ्या भेटीत चहा मिळाला तर घ्यायचा. आपण होऊन कुठल्याही घरात काही मागायचं नाही. भांड्याला ओठ न लावता वरून पाणी प्यायचं, आणि याच्या सरावात आमच्या हॉलची फरशी गुरुवारी हमखास ओली असे. निघताना 'जातो' कधी म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हे शेवटचं बाबांनी इतकं घोकून घेतलेलं असे की मुलं संडासला निघतानाही 'येतो' म्हणत आणि आई पदराआड हसायची.

हे सगळं समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवावं, असं बाबांचं मत होतं. म्हणून ती गुरुवारची बेल. शिकणाऱ्याने परका पाहुणा व्हायचं आणि आम्ही घरच्यांनी परकं घर व्हायचं. आईला हे जमत नसे. दार उघडलं की ती सरळ हसून "ये रे, हातपाय धू" म्हणायची आणि सगळ्या शिकवणीवर पाणी पडायचं. मला मात्र जमायचं. मला खवट सासू यायची, संशयी सरपंच यायचा, आणि सगळ्यांत छान यायच्या त्या पुणेरी बायका. शाळेत माझं आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "म्हणजे तुम्ही कोण?" ख्रिस्ती म्हटलं की, "हो, पण आधीचे कोण?" मी खाली मान घालून पुटपुटत उत्तर द्यायची. गुरुवारी तोच प्रश्न मी ताठ मानेने दुसऱ्याला विचारायची आणि समोरचा गोंधळला की मला फार बरं वाटायचं. तेव्हा मला वाटे की मी बाबांच्या कामात मदत करते आहे.

लीलाकाकूंना माझ्या नकलांची खबर होतीच. समोरासमोरच्या दारांत काय लपून राहतं? एकदा त्या स्वतःची तपकिरी काठाची शाल मला नकलेसाठी द्यायला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पमे, माझी नक्कल करतेस म्हणे. कर, पण नीट कर. आमच्याकडे कुणी कमरेवर हात ठेवून दार उघडत नाही. दार थोडंसंच उघडायचं आणि आधी समोरच्याच्या पायांकडे बघायचं." मी तसं केलं तेव्हा त्या स्वतःच हसल्या. आमच्याकडे मिझो मुलांनी सुकी मासळी भाजली की त्या खिडकीतून विचारायच्या, "साळवेबाई, आज तुमच्याकडे शिजतंय की जळतंय?" आणि संध्याकाळी मासळीच्या वासाची भरपाई म्हणून आईने पाठवलेल्या करंज्या मोजकं कौतुक करून खाऊन टाकायच्या. त्यांचा शिरीष माझ्याहून थोडा मोठा. त्याने मला कालव्याच्या कडेने सायकल शिकवली होती आणि पडल्यावर कुणाला सांगितलं नव्हतं.

शिरीष एका पावसाळ्याच्या शेवटी गेला. कॉलेजला निघाला होता, कर्वे रस्त्यावर ट्रकने उडवलं. समोरच्या घरात माणसं मावेनात. आमच्याकडे तेव्हा थांगा नावाचा एक मिझो मुलगा होता, बुटका, लाजरा, दूधवाल्यालाही 'आपण' म्हणणारा. त्याला कुणी काही सांगायच्या आत तो संत्र्यांची पिशवी घेऊन काकूंकडे गेला, कोपऱ्यात बसला, आणि निघताना शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाला, "येतो." सगळ्या नातेवाइकांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिलं. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. उठायचं, हात जोडायचे आणि न बोलता चालू लागायचं. घरचेही 'या' म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा येणं कुणाच्या नशिबी नको, म्हणून ही रीत. बाबा दारातच उभे होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "ही माझी चूक," ते घरी येऊन म्हणाले, "मी त्यांना दुःखाच्या घरची भेट शिकवलीच नाही." थांगा दोन दिवस जेवला नाही.

तेरा दिवसांनी माणसं आपापल्या घरी गेली. काकूंचे यजमान पुन्हा बँकेत जाऊ लागले. आणि काकू दुपारी आमच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. पाटावर बसून आईबरोबर तांदूळ निवडायच्या. त्यांच्या माहेरासासरचं गोत अर्ध्या पुण्यात पसरलेलं, पण त्या बोलायच्या आईजवळ. "तुमच्याकडे बोललेलं बाहेर जात नाही, साळवेबाई," असं त्या एकदा म्हणाल्या, "तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखतच नाही." आई सूप त्यांच्याकडे सरकवायची. मधल्या खोलीच्या दाराला पडदा होता. मी पडद्याच्या अलीकडे भूगोलाचं पुस्तक घेऊन उभी राहायची. त्या सगळ्या दुपारींत मी भूगोलाचं एकही पान वाचलं नाही.

काकू रडत नसत. बाजारभाव सांगावा तशा सांगायच्या. शिरीषला त्या सकाळी रुमाल सापडत नव्हता. तो सारखा आत-बाहेर करत होता, त्यांचा कुकर व्हायचा होता. "मी म्हटलं, जा बाबा एकदाचा," काकू म्हणाल्या. "येतो म्हणाला तो. आणि मी म्हटलं, जा एकदाचा." त्यांनी सुपातले खडे बाजूला काढले. मग त्या म्हणाल्या की साडेचारला तो कॉलेजातून यायचा, तेव्हा हात अजून आपोआप दोन कप चहा टाकतात. एक त्या पितात, एक मोरीत ओततात. "ह्यांना सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगून काय करू?"

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका संस्थेतली मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, दुसऱ्या संस्कृतीत जाऊन काम करणाऱ्यांसाठी आम्ही ऑनलाइन वर्ग घेतोय, सरांच्या पद्धतीबद्दल तुम्ही बोला ना. सर तेव्हाच रोल-प्ले घ्यायचे म्हणे, किती पुढचा विचार." मी लॅपटॉपसमोर बसून पाण्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं, घरची आठवण आलेल्या माणसाला भात करून घालावा हेही सांगितलं, आणि सगळ्यांनी स्क्रीनवर कौतुकाने अंगठे वर केले. मग एकाने विचारलं की शोकातल्या कुटुंबाला भेटायला कसं जावं, सर ते कसं शिकवायचे. मी म्हटलं, वीज गेली वाटतं, आणि लॅपटॉप बंद केला. वीज गेली नव्हती. डोक्यावर पंखा फिरत होता आणि या वयात मी एखाद्या शाळकरी मुलीसारखी खोटं बोलून बसले होते.

तर दुःखाच्या घरची भेट. बाबांनी मुलांना समजावलं: आत जाऊन खाली बसायचं, काय झालं, कसं झालं विचारायचं नाही, घरचं माणूस बोलेपर्यंत गप्प राहायचं, चहा-पाण्याची अपेक्षा ठेवायची नाही, वचनं म्हणून दाखवायची घाई करायची नाही, आणि निघताना काही बोलायचं नाही. मग नेहमीप्रमाणे करून पाहायची वेळ आली. "प्रमोदिनी, तू आई हो," बाबा म्हणाले, "मुलगा गेलेली." मी काकूंची शाल घेतली. माझ्या मनात आधी तसं काही नव्हतं, हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि ते बहुधा खरंही आहे. पण समोर थांगा येऊन जमिनीवर बसला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि खवट सासूचे शब्द तिथे उपयोगाचे नव्हते. मी तोंड उघडलं आणि काकूंचे शब्द बाहेर आले. रुमाल. कुकर. जा बाबा एकदाचा. दुसरा कप. शेवटी माझ्या मनाने मी थोडं रडणंही घातलं, शालीचा पदर तोंडाला लावून.

 केरळची मुलगी हुंदके द्यायला लागली. बाबांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्यासाठी मी काहीही केलं असतं; त्यांना माझा अभिमान वाटत होता. आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती एकदा माझ्याकडे बघून परत आत गेली. जेवणं झाल्यावर तिने मला विचारलं, "ते शब्द कुणाचे?" मी म्हटलं, "माझेच. सुचले." तिने बाबांना सांगितलं की हा पाठ पुन्हा नको. "का?" बाबा म्हणाले, "पोरं आज पहिल्यांदा काहीतरी खरं शिकली." आई गप्प राहिली. कारण सांगायचं तर काकूंचं बोलणं सांगावं लागलं असतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी संस्थेच्या मुख्य कार्यालयातून एक वयस्कर पाहुणे आले. शिकवणी कशी चालते ते त्यांना पाहायचं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं. बाबा शेजारी बसून हळू आवाजात इंग्रजीत सांगणार होते. बाबांनी दुःखाच्या घरचीच भेट ठरवली. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "पमे, दुसरं काहीतरी कर." मी म्हटलं, "बाबांनी हेच सांगितलंय." थांगा बाहेर गेला, बेल वाजवली, आत आला, आणि दार त्याने उघडंच ठेवलं, कारण परक्या घराचं दार पाहुण्याने लावायचं नसतं हेही बाबांनीच शिकवलेलं होतं. तो बसला. मी सुरू केलं. दुसऱ्यांदा मला ते जास्त चांगलं येत होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते आता माहीत होतं. चहाच्या कपापर्यंत आले तेव्हा थांगा माझ्याकडे बघेनासा झाला. तो माझ्या मागे, दाराकडे बघत होता.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी मध्ये बोलणार नाही."

 पाहुणे कौतुकाने काकूंकडे बघत होते. नवीन पात्र आलं असं त्यांना वाटलं असावं.

"थांबलीस का, पमे? छान करतेस. फक्त मी पदर नाही लावत तोंडाला. मला तसं रडता येत नाही." मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तिथे उभी होती. "तुमच्याकडे बोललेलं बाहेर जात नाही असं वाटायचं मला, साळवेबाई."

आई नुसती उभी राहिली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आईने सांगितलं नाही, मी पडद्याआडून ऐकलं, एवढंच वाक्य होतं. माझ्या अंगावर त्यांची शाल तशीच होती.

काकू थांगाकडे वळल्या. "विचारा हो. खरी बाई बसलीय समोर. काय शिकवलंय ते म्हणा एकदा."

 बाबा उठून "वहिनी, ऐका..." असं काही म्हणू लागले. काकूंनी पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि गेल्या. त्या आमच्याकडून निघताना नेहमी दारात वळून म्हणायच्या, "येते हं साळवेबाई." त्या दिवशी त्या वळल्या नाहीत आणि काही बोलल्या नाहीत. असं कुठल्या घरातून निघतात ते बाबांनी आठवड्यापूर्वीच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं होतं. समोरचं दार लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा." बाबांनी त्यांना काहीच भाषांतर करून सांगितलं नाही.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "ते शब्द त्यांचे होते?" मी मान हलवली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटलं, तू हुशार आहेस," आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोर गेले, बेल वाजवली. मी दाराच्या फटीतून बघत होते. काकूंनी दार थोडंसं उघडलं, आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, आत जाऊन पाणी आणून दिलं. बाबा दारातच उभे राहून भांड्याला ओठ न लावता पाणी प्यायले, दोन शब्द बोलले आणि परत आले. "पाणी दिलं," ते आईला म्हणाले. दुसरी भेट झाली नाही. गुरुवारची बेलही बंद झाली. पुढे बाबा मुलांना सगळं फळ्यावर लिहून शिकवायला लागले आणि मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी कमी शिकली.

बाबा समोर पाणी पिऊन आले त्याच दिवशी दुपारी साडेचारला थांगा उठला आणि काही न सांगता समोर गेला. मी पुन्हा फटीपाशी. काकूंनी विचारलं, "काय पाहिजे?"

"चहा," थांगा म्हणाला.

"काय?"

"चहा मोरीत ओतू नका, काकू. मी पितो."

बाबांचे सगळे नियम त्याने एका दमात मोडले होते. आपण होऊन मागितलं, तेही चहा, तेही न बोलायच्या गोष्टीचं नाव काढून. मला वाटलं आता दार त्याच्या तोंडावर आपटणार. काकूंनी दार आणखी उघडलं आणि विचारलं, "साखर किती?" तो आत गेला. त्यानंतर नंदुरबारला जाईपर्यंत तो रोज जात होता. तिथे काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही, कारण त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. आईने एकदा विचारलं तर म्हणाला, "काही नाही. चहा पितो."

आईने शाल धुऊन इस्त्री करून परत दिली. काकूंनी ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरी काम करणाऱ्या कामवालीला देऊन टाकली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी ती शाल आमच्याकडे भांडी घासायला यायची. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न होऊन कोथरूडला गेले. दिवाळीचं ताट समोरून येत राहिलं, नाताळचं आमच्याकडून जात राहिलं, पण ती ताटं कामवालीच्या हातून जायची. जिन्यात भेट झाली तर काकू मला "बऱ्या आहात ना, प्रमोदिनी?" असं विचारायच्या. अहो-जाहो करून. आणि आईने, इतक्या वर्षांत, एकदाही समोर जाऊन सांगितलं नाही की मी बोलले नव्हते. ती मला वाचवत होती, की तिला माझी इतकी लाज वाटत होती की त्यावर बोलणंच नको होतं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. जिना ओलांडून समोर जायला दोन पावलं लागतात. मी ती टाकली नाहीत.

बाबा आधी गेले, मग काही वर्षांनी आई. आईला माती देऊन आम्ही कर्वेनगरच्या घरी आलो. प्रार्थना झाली, गाणी झाली, लोक आले आणि गेले, आणि दुपारी सगळे लवंडले असताना बेल वाजली. काकू होत्या. हातात काठी, पाय सुजलेले. त्या आत आल्या, खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसल्या. खुर्ची तीच होती की नव्हती मला आठवत नाही. त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिलं.

"तुझ्या आईनं सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मला तेव्हाही माहीत होतं."

मी खाली बसले.

"पडद्याखाली तुझे पाय दिसायचे, पमे. म्हटलं, ऐकू दे पोरीला. शिरीषची मैत्रीण. तिलाही कुणाजवळ बोलता येत नसेल."

"मग आईला तसं का म्हणालात?"

"तुला लागावं म्हणून. वाटलं, संध्याकाळपर्यंत येशील तू, म्हणशील, काकू, आई नाही, मी. मी वाट बघत बसले होते." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू नाही आलीस. मग चार दिवस गेले, मग माझंच येणं अवघड झालं. समोर राहून राहिलं ते राहिलंच. आता तिला कोण सांगणार?"

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले होते, थांगा बसायचा तशी. माफ करा म्हणण्याचीही मला लाज वाटत होती, कारण त्यासाठी मी त्यांना माझ्या आईच्या मयतापर्यंत थांबायला लावलं होतं. त्यांनीही तो शब्द मागितला नाही. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि थांगाची खुशाली विचारली. मी म्हटलं, त्याचे केस पांढरे झाले, नाताळला फोन येतो. "मलाही येतो," त्या म्हणाल्या. मग दारात जाऊन चपलांत पाय सरकवत, माझ्याकडे पाठ करून, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "शिरीष गेला तेव्हा एवढी माणसं आली होती. सगळ्यांनी रीत पाळली. कुणी येतो म्हणालं नाही आणि नंतर कुणी आलंही नाही. तो वेडा तेवढा म्हणाला होता, आणि तो आला."

मी त्यांच्या मागे उंबऱ्यापर्यंत गेले. घरात सुतक होतं. आमच्याकडे तो शब्द नसला तरी त्यांच्या लेखी होतंच. आता त्या न बोलता जातील आणि तेच योग्य, असं मी मनाशी म्हणत होते. काकू दारात वळल्या.

"येते गं पमे," त्या म्हणाल्या.

उत्तर एका अक्षराचं होतं. ज्या हॉलमध्ये मी त्यांची सगळी वाक्यं न अडखळता म्हणून दाखवली होती, तिथे मला ते म्हणता आलं नाही. मी मान हलवली आणि समोरचं दार उघडून त्या आत जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिले.